थोरला आईला सोडत नाही आणि दुसरं येऊ घातलंय

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा दोन वर्षं दोन महिन्यांचा, आई २४ आठवड्यांची गरोदर. मुलगा अजून अंगावर पितो, आईशिवाय झोपत नाही, रात्री बाबांनी हात लावला तरी भोकाड पसरतो आणि दिवसभर ‘उचल, उचल’ करत मागे असतो. आजूबाजूचे सांगताहेत की सवयी आत्ताच मोडा, नाहीतर पुढे नाकी नऊ येतील. आईला वेगळीच काळजी आहे: येणाऱ्या बाळाबद्दल त्याला कधी आणि कसं सांगू, म्हणजे त्याला हेवा वाटणार नाही?

मी बालरोगतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं प्रॅक्टिस करते आणि दोन मुलींची आई आहे. हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा थोरल्याच्या सर्दी-खोकल्याच्या निमित्ताने येतो. तपासून होतं, कागद हातात पडतो, आई उठते आणि दाराशी थांबून म्हणते, “अजून एक विचारायचं होतं.”

कसं सांगायचं याचं उत्तर सोपं आहे, ते पुढे देतेच. पण तुम्ही जे लिहिलंय ते परत एकदा वाचून बघा. झोपवणं, पाजणं, उचलणं, रात्री उठणं, सगळं एकाच माणसाच्या हातून होतंय, आणि सोळा आठवड्यांनी नेमके तेच दोन हात गुंतणार आहेत. मुलाला बाळाचा हेवा वाटेल की नाही हे आज कोणीच सांगू शकत नाही. आई एकाएकी मिळेनाशी झाली, हे मात्र त्याला पहिल्या दिवशी कळणार. म्हणून या चार महिन्यांत मुलाला बाळासाठी तयार करण्याच्या फार मागे लागू नका. दुसऱ्या एका माणसाला मुलासाठी तयार करा.

हे मी शहाणपणाने शिकले नाही, तोंडावर पडून शिकले. माझी थोरली दोन वर्षं चार महिन्यांची होती. मी डॉक्टर असल्यामुळे तयारी अगदी जोरात केली होती. बाहुली आणली, तिला लंगोट बांधायला शिकवलं, पोटाला कान लावून गप्पा झाल्या, चित्रं दाखवून झाली. रात्री दीडला कळा सुरू झाल्या. पहिल्या वेळी चौदा तास लागले होते, त्याच हिशोबात मी आरामात होते. चार चाळीसला धाकटी जन्मली. निघायच्या घाईत थोरलीला झोपेतच उचलून शेजारच्या काकूंकडे ठेवलं. काकू प्रेमळ होत्या, पण त्यांच्या घरी ती कधी एक दुपारसुद्धा झोपली नव्हती. सकाळी तिने डोळे उघडले तर घर परकं, आई नाही, बाबाही नाहीत. पुढचे तीन आठवडे तिने माझ्या कुडत्याचं टोक सोडलं नाही. मी बाथरूममध्ये गेले तर दाराच्या फटीतून बोटं आत यायची. बाळाशी तिचं काहीच वाकडं नव्हतं. ती बाळाचे पाय मोजायची, पापे घ्यायची. तिला धास्ती एकच होती, की झोपले तर आई परत जाईल.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगते. बाबा रात्रपाळीला असतील, दुसऱ्या गावी असतील किंवा नसतीलच, तर ‘दुसरा माणूस’ म्हणजे आजी, मावशी, काका, सांभाळणाऱ्या ताई, कोणीही चालेल. अट एवढीच की बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत तो माणूस रोज हजर असला पाहिजे. आठ दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्याच्या हाती झोपवण्याचं काम देऊ नका, तो गेल्यावर मूल दुसऱ्यांदा उघडं पडतं. दुसरी गोष्ट मुलाचा स्वभाव. काही मुलं चार दिवसांत रुळतात, काहींना महिना लागतो, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. तिसरी गोष्ट तुमची गर्भावस्था. मधे रक्तस्राव झाला असेल, वार (प्लासेंटा) खाली असेल, आधीचं बाळंतपण दिवस भरण्याआधी झालं असेल किंवा जुळं असेल, तर पाजणं आणि उचलणं याबद्दल मी खाली जे लिहितेय ते तुम्हाला लागू नाही. तिथे तुमच्या प्रसूतितज्ज्ञांचा शब्द शेवटचा.

हस्तांतर कसं करायचं? बहुतेक घरांत पहिली चूक इथेच होते: सगळ्यात अवघड गोष्टीपासून, म्हणजे रात्रीच्या झोपेपासून सुरुवात होते. मूल दमलेलं, आई दमलेली, बाबा बिचकत. दोन रात्री आकांत झाला की ‘तो माझ्याकडे राहतच नाही’ असा निकाल लागतो आणि प्रकरण बंद. त्यापेक्षा आंघोळीपासून सुरू करा. आंघोळीत पाणी असतं, खेळ असतो, मूल जागं आणि मजेत असतं. दोन आठवडे आंघोळ फक्त बाबांची. मग सकाळी उठल्यानंतरचा अर्धा तास. मग दुपारची झोप, निदान सुट्टीच्या दिवशी. रात्रीची झोप सगळ्यात शेवटी, आणि तीही ३२व्या आठवड्याच्या आसपास सुरू झाली तरी पुरे. आज तुम्ही २४ला आहात, म्हणजे घाई करायची गरज नाही.

दोन नियम मात्र पाळा. एक, बाबांची पद्धत बाबांची. तुम्ही तीन गाणी म्हणत असाल आणि ते एकही न म्हणता पाठ थोपटत असतील, तर थोपटू दे. मुलाला दोन माणसांच्या दोन रीती सहज कळतात. त्याला गोंधळात टाकतं ते एका माणसाने दुसऱ्याची वाईट नक्कल करणं. दोन, मूल रडलं तर मधे पडायचं नाही. हे ऐकायला कठोर वाटेल, म्हणून फरक सांगते. एकट्याने खोलीत रडणं वेगळं आणि ओळखीच्या, मायेच्या माणसाच्या कुशीत ‘मला आई हवी’ म्हणून रडणं वेगळं. दुसऱ्या रडण्यात मूल नाराज असतं, एकटं नसतं. बाबांनी फक्त म्हणायचं, “हो, तुला आई हवीय. आई सकाळी भेटेल. मी आहे.” माझ्या पाहण्यात पहिले तीन दिवस जड जातात, नंतर आठवड्याभरात आवाज खाली येतो. मधे ताप आला, दात आले, तर चार दिवस सोडून द्या आणि परत सुरू करा. ती माघार नव्हे.

सांगायचं कसं, त्याकडे येते. दोन वर्षांच्या मुलाला ‘चार महिन्यांनी’ म्हणजे काय ते कळत नाही. त्याच्यासाठी ‘उद्या’सुद्धा धुकं असतं. पोट दिसायला लागलं, तुम्ही वाकताना कण्हायला लागलात, घरात कुजबुज वाढली की साध्या शब्दांत सांगून टाका: “आईच्या पोटात बाळ आहे. ते वाढतंय. अजून खूप वेळ आहे.” रोज उजळणी नको. ‘तुला खेळायला भाऊ येणार’ असं आमिष तर अजिबात नको, कारण येतं ते झोपणारं, रडणारं, आईला अडकवून ठेवणारं गाठोडं, आणि मुलाला फसवल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा खरं सांगा: बाळ खूप झोपतं, खूप रडतं, त्याला चालता येत नाही. त्याचे स्वतःचे लहानपणचे फोटो दाखवा. हा उपाय मला बाहुलीपेक्षा जास्त आवडतो. बाळ म्हणजे मी पण होतो, हे त्याला पटकन कळतं आणि ते ऐकायला त्याला आवडतं.

आता अंगावर पाजणं. ‘गरोदर असताना पाजलं तर गर्भ पडतो’ हे तुम्हाला चार जणांनी सांगितलं असणार. पाजताना ऑक्सिटोसिन स्रवतं आणि त्याने गर्भाशय आकुंचन पावतं, इथपर्यंत ते खरं आहे. पण दिवस भरत येईपर्यंत गर्भाशय त्याला फारसा प्रतिसाद देत नाही. गुंतागुंत नसलेल्या गर्भावस्थेत पाजणं चालू ठेवता येतं. मात्र साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात दूध आपोआप कमी होतं, चवही बदलते, पुढे त्याचा चीक होतो. काही मुलं तेव्हा स्वतःच सोडतात, काही थेंबभर मिळालं तरी चिकटून राहतात. तुमच्या स्तनाग्रांना दुखत असेल, राग येत असेल, तर थांबवायला तेवढं कारण पुरेसं आहे, त्यासाठी कोणाची परवानगी नको. थांबवायचं तर आत्ता, हळूहळू, दिवसाचं आधी आणि झोपतानाचं शेवटी. शेवटच्या दीड महिन्यात किंवा बाळ आल्या आल्या नको, नाहीतर ‘माझं होतं ते याने घेतलं’ हा हिशोब मुलाच्या डोक्यात पक्का बसतो. चालू ठेवणार असाल तर बाळंतपणानंतर आधी नवजात, मग थोरला. चिकाच्या दिवसांत तर हा क्रम मोडू नका. त्या दिवसांत थोरल्याला शी पातळ झाली तर घाबरू नका, चीक सारक असतो.

उचलण्याबद्दल दोन टोकाचे सल्ले मिळतात: ‘बिलकूल उचलू नकोस’ आणि ‘काही होत नाही’. सुरळीत गर्भावस्थेत बारा किलोचं मूल कधीमधी उचलल्याने बाळाला धोका नाही. त्रास तुमच्या कमरेला आहे. सांधे सैल झालेले असतात, तोल पुढे गेलेला असतो, आणि कडेवर घेतलं की सगळा भार एका बाजूला येतो. उभ्याने वाकून उचलू नका. खाली बसा, त्याला मिठीत घ्या, आणि त्याला पायरीवरून किंवा खाटेवरून स्वतः चढून तुमच्याकडे येऊ द्या. ‘उचल’चा अर्थ बहुतेक वेळा ‘जवळ घे’ एवढाच असतो, आणि जवळ बसूनही घेता येतं. ही सवय आत्ता लागली तर पुढे उपयोगाची. सिझेरियन झालं तर साधारण सहा आठवडे बाळाहून जड काही उचलायचं नाही. तेव्हा ‘आईच्या पोटाला बाऊ झालाय’ हे समजायला त्याला बसून मिळणाऱ्या मिठीची आधीच ओळख हवी.

इथपर्यंतचं एका दमात: आंघोळ आधी, झोप शेवटी, पाजणं थांबवायचं तर आत्ता, मिठी खाली बसून, बाळाबद्दल थोडं आणि खरं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मी दर वेळी सांगते, कारण दुसऱ्या खेपेच्या आयांना ती फार कमी वेळा सांगितली जाते. लहान मुलांच्या थुंकीतून आणि लघवीतून सीएमव्ही नावाचा विषाणू महिनोन् महिने बाहेर पडत राहू शकतो, आणि मूल त्या काळात ठणठणीत दिसतं. मोठ्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही, पण गर्भाला लागण झाली तर पुढे बाळाच्या ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. घाबरून थोरल्याला दूर करायचं नाहीये. त्याचं उष्टं खाऊ नका, त्याचा चमचा तोंडात घालू नका, पापा गालावर किंवा कपाळावर, आणि डायपर बदलल्यावर, नाक पुसल्यावर हात साबणाने धुवा. त्याच्या अंगावर पुरळ आलं, किंवा पाळणाघरात कांजिण्या आल्याचं कळलं, तर त्याला दाखवायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. आणि आई गरोदर आहे म्हणून थोरल्याच्या गोवर-गालगुंडाच्या किंवा कांजिण्यांच्या लसी पुढे ढकलू नका, त्या देता येतात. गरोदर बाईने स्वतः त्या घ्यायच्या नसतात, एवढंच. तुमची स्वतःची डांग्या खोकल्याची लस २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, आधीच्या खेपेला घेतली असली तरी परत. बाळाला पहिल्या दोन महिन्यांत त्या खोकल्यापासून वाचवतं ते तुमच्याकडून गेलेलं संरक्षण. थोरला खोकत घरी आला, की ते किती मोलाचं आहे ते कळतं.

कळांच्या रात्रीची व्यवस्था ३४व्या आठवड्यापर्यंत पक्की करा. दुसरं बाळंतपण बहुधा पहिल्यापेक्षा लवकर उरकतं, माझा चौदा तासांचा हिशोब कसा चुकला ते वर सांगितलंच. रात्री दोनला कोणाला फोन करायचा, तो उचलला नाही तर दुसरा कोणाला, ते ठरलेलं असू दे. शक्यतो त्या माणसाने तुमच्या घरी यावं, मुलाला उचलून न्यावं लागू नये, म्हणजे सकाळी डोळे उघडल्यावर निदान भिंती ओळखीच्या असतील. आणि त्याने त्याआधी दोन-तीनदा तरी मुलाला सकाळी उठवलेलं असू दे, तुम्ही घरात नसताना. जाताना मूल अर्धवट जागं असेल तर सांगून जा. गुपचूप निसटलात तर त्या क्षणी रडणं वाचतं आणि पुढचे तीन आठवडे कुडत्याचं टोक पकडलं जातं.

दवाखान्यात तो पहिल्यांदा भेटायला येईल तेव्हा बाळ पाळण्यात किंवा दुसऱ्या कोणाच्या हातात असू दे, तुमचे हात मोकळे हवेत. सुईच्या जागी पट्टी असेल तर तो हात चादरीखाली घ्या, मुलांची नजर आधी तिथेच जाते. तो तुमच्याकडे न बघता खेळायला लागला, किंवा बाबांच्या पायामागे लपला, तर तो रागावलाय असं समजू नका. त्याला पाच मिनिटं लागतात. बाळ दाखवायची घाई करू नका, तो विचारेल.

घरी आल्यावरचं फार सांगत नाही, कारण तुमचा प्रश्न आधीचा आहे. एकच अभ्यास इथे उपयोगाचा वाटतो. इंग्लंडमध्ये केंब्रिज परिसरात ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी दुसरं मूल होणाऱ्या ४० कुटुंबांचा पाठपुरावा केला होता. ज्या आया थोरल्याशी बाळाबद्दल एक माणूस म्हणून बोलत, म्हणजे त्याला काय हवं असेल, तो का रडत असेल, तिथे पुढे दोघांमध्ये जास्त जिव्हाळा दिसला. म्हणून ‘हळू, बाळ झोपलंय’ यापेक्षा ‘का रडतोय हा? तुला काय वाटतं?’ हे जास्त कामाचं. माझी एक पुरवणी: अधूनमधून बाळालाही थांबवा, थोरल्याला ऐकू जाईल असं. “थांब हं जरा, दादाचा बूट घालतेय.” बाळाला काही कळत नाही, पण दादाला कळतं की थांबायची पाळी फक्त आपल्यावर येत नाही. आणि ‘बाळामुळे नाही’ असं कधी म्हणू नका, ‘माझे हात गुंतलेत’ म्हणा.

शी-शूची सवय लागली असेल तर ती मोडेल. बाटली मागेल, बोबडं बोलेल, ‘मी बाळ’ म्हणून मांडीत लोळेल. लोळू द्या. काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत ओसरतं. नवी शी-शूची शिकवणी शेवटच्या दोन महिन्यांत काढूच नका. तो बाळाला चापट मारेल, चावेलही. हात धरून ‘मारू देणार नाही’ एवढंच, व्याख्यान नको, आणि दोघांना एकट्याने एका खोलीत सोडायचं नाही, पाणी प्यायला जाण्याइतकंही नाही. झोपताना थोरला आणि नवजात शेजारी-शेजारी नकोत, मधे मोठं माणूस असलं तरी मला ते पसंत नाही. बाळाची जागा वेगळी, सपाट, पाठीवर. मात्र आधी येत असलेले शब्द मूल विसरायला लागलं, नजर देईनासं झालं, तर ‘हेवा वाटतोय’ म्हणून थांबू नका, दाखवायला आणा. तो हेवा नसतो.

शेवटी अपराधीपणाचं. तुम्ही लिहिलंय की त्याच्यावर ओरडलं की रात्रभर वाईट वाटतं, आणि दिवसभर इतकं थकायला होतं की ओरडणं आवरत नाही. पहिल्यापाठोपाठ दुसरी गर्भावस्था, वर पाजणं, रात्रीची मोडलेली झोप: मी आधी हिमोग्लोबिन बघेन. गरोदरपणात ते ११च्या खाली असेल तर तुम्ही वाईट आई नाही आहात, तुम्हाला बहुधा लोह कमी पडतंय, आणि त्यावर गोळी आहे. लोह नीट असूनही मन सलग दोन आठवडे खालीच राहिलं, रडू येत राहिलं, कशात रस वाटेना, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. हे गरोदरपणातही होतं, फक्त बाळंतपणानंतर नाही.

येत्या सुट्टीच्या दिवशी आंघोळ बाबांकडे द्या. आणि त्या वेळी तुम्ही घरात थांबू नका, चक्कर मारून या. मी थांबले होते. बाथरूमच्या दारात उभी राहून “पाणी आधी पायावर घाल, डोक्यावर नको” असं सांगत होते, आणि मुलगी बाबांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत हात पसरून रडत होती. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने दार आतून लावून घेतलं. पाच मिनिटांनी आतून तांब्या आपटल्याचा आवाज आला, आणि दोघांचं हसणं.